पूर्वाची आंबट बाटली

हडपसर, पुणे
११ जानेवारी २००९

विहीणबाई रतनबाईंना पुण्याहून कौशल्याचा जयभीम.

तुम्ही फोन उचलत नाही. लेकीचा सोडून आमचा कोणाचा नंबर दिसला की फोन उशीखाली सारता, असं तुमच्याच शेजारणीने सोनालीला सांगितलं. सारा. फोनवर मला तरी कोण बोलू देतं? तुमच्या सोनालीची कंपनीची गाडी खाली हॉर्न वाजवत असते, आणि माझा संजय खराडीला कामावर जायच्या घाईत हेल्मेट घालूनच चहा पितो. पत्राचं बरं असतं. पोस्टमन दारात टाकतो, आणि केर काढताना का होईना, ते हातात घ्यावंच लागतं. माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यातही कापणीच्या दिवसांत गुरुजी गायब. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मनातल्या मनात दुरुस्त करा. नाही केलंत तरी पीक बुडत नाही.

आधी बातमी. पूर्वा वाढली!

जूनमध्ये शिवलेला शाळेचा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला. मी खालची दुमड उसवली. आत कोऱ्या कापडाची गडद पट्टी निघाली, आणि ती सोडूनही पुरेना. शिंपी म्हणाला, "आजी, नात आहे का भेंडी?" म्हटलं, भेंडी तर भेंडी, तुम्ही माप घ्या, आणि वाढीव घ्या. येताना मी रस्त्यात ओळखीच्या माणसाला थांबवून सांगितलं, आणि एका बिनओळखीच्या बाईलाही. ती म्हणाली, "अहो, पोरं वाढतातच." तिला काय कळणार!

तुम्हाला कळेल. तीन वर्षांची असताना दीड वर्षाच्या पोरांत बसवली तरी खपून जायची. पाय कमानीसारखे. सारखी तहान, सारखी उलटी. तुम्ही म्हणायचात, माझ्या मालिशीने पाय वाकले. मी म्हणायची, तुम्ही सदा कडेवर घेऊन फिरता म्हणून वाकले. एकमेकींना नावं ठेवायची आपल्याला हौसच. शेवटी डॉक्टर उल्काताईंनी निकाल दिला की दोन्ही आज्या निर्दोष, दोष किडनीचा. पोरीच्या अंगात आम्ल साठतं आणि किडनी ते बाहेर टाकत नाही. त्यावर ती बाटली सुरू झाली. मापाच्या टोपणाने, पाण्यात घालून, जेवणानंतर, रोज, जन्मभर.

आणि त्या बाटलीपायीच आपलं हे असं झालं.

लिहू नको असं ठरवलं होतं, पण हात तिकडेच जातोय. दिवाळीच्या सुट्टीत पूर्वा तुमच्याकडे कराडला राहिली. बाटली सोबत दिली होती. ती तुम्ही दिली नाहीत. भाऊबीज झाली आणि पोरीच्या पायांतलं बळच गेलं, मान उचलेना. पुण्यापर्यंत मांडीवर घेऊन तुम्हीच आलात. सलाईन लागली, हळूहळू बोटं हलली, मग पाय, मग तिने बिस्किट मागितलं. ते बघायला तुम्ही नव्हता. संजय दवाखान्याच्या व्हरांड्यात चारचौघांत तुम्हाला बोलला, "मामी, एवढं एकच काम सांगितलं होतं. पूर्वा आता तुमच्याकडे राहणार नाही. कधीच नाही." तुम्ही एवढंच म्हणालात, "चुकलं माझं, पावणं." चकल्यांचा डबा माझ्या हातात दिलात आणि पोरीला न भेटता एस.टी.ला गेलात.

का नाही दिलीत, ते तुम्ही सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. आणि आता तुम्ही सोनालीला म्हणता की त्या लेकराला हात लावायची माझी लायकी नाही. हे काय बोलणं झालं? ती रोज विचारते, कराडची आजी कधी येणार? मी एकटी आजी किती पुरी पडणार! मला सागरगोटे येत नाहीत, तिला तुमच्यासारखे पाहिजेत.

संजयही अधूनमधून तुमची चौकशी करतो. कराडला थंडी फार असेल, वगैरे.

एक सांगायचं राहिलं. गेल्या चौदा एप्रिलला पूर्वा मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर होती. यंदा विहारापासून चौकापर्यंत चालणार म्हणते, आपल्या पायांनी. तुम्ही बघायला या. तोंडाने बोलावलं असतं, पण तुम्ही फोन उशीखाली ठेवता.

तुमची,
कौशल्या


हडपसर, पुणे
८ फेब्रुवारी २००९

विहीणबाईंना जयभीम, आणि शेंगांबद्दल दोनदा जयभीम.

पिशवी मिळाली. कंडक्टरने स्वारगेटला संजयच्या मित्राच्या हातात दिली. शेंगा, गूळ आणि पूर्वाला लोकरीची टोपी. पिशवी मी उलटी करून झटकली, चिठ्ठी कुठेच नव्हती. शेंगांच्या टरफलात लिहून पाठवलं असेल म्हणून एकेक फोडून बघितली. नव्हतं. दाणे मात्र गोड होते.

टोपी तिला घट्ट होते. मुद्दाम लिहितेय. तुम्ही जुन्या मापाने विणलीत. पोरीचं डोकंसुद्धा वाढलंय!

मला तुम्हाला तिच्या दुखण्याची गोष्ट नीट सांगायचीय. तुम्हाला ती कोणी सांगितलीच नाही. "एवढं द्या, तेवढं देऊ नका," असे हुकूम तेवढे तुमच्यापर्यंत आले. मलाही तसेच यायचे. मग एकदा मी डॉक्टर उल्काताईंच्या समोर बसलेच, उठेचना. म्हटलं, बाई, आम्ल साठतं म्हणता, ते येतं कुठून? पोर तर दूध-भाकरी खाते. बाहेर बाकावर पेशंट ताटकळत होते, तरी बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

म्हणाल्या, आजी, स्वयंपाक केला की केर होतोच ना? डाळ खा, दूध प्या, अंडं खा, अंग त्यातलं कामाचं घेतं आणि मागे थोडं आम्ल उरतं. तुमच्या अंगात, माझ्या अंगात, सगळ्यांच्या. त्यातला धुरासारखा भाग श्वासातून जातो, त्याचं धुराडं म्हणजे फुप्फुस. उरतो ओला कचरा. तो धुरासारखा उडून जात नाही. तो किडनीने लघवीतून बाहेर टाकायचा.

ओला कचरा म्हटल्यावर मला लख्ख समजलं. आमच्या सोसायटीत घंटागाडी येते. मागे एकदा गाडी यायची, घंटा वाजायची, सगळ्यांच्या बादल्या रांगेत, पण बादली उचलून गाडीत उपडी करणारा संपत रजेवर. ड्रायव्हर काही खाली उतरेना. गाडी रिकामी यायची, रिकामी जायची, आणि जिन्यात नाक धरून चालायची पाळी. पूर्वाच्या किडनीत तेच झालंय. लघवी भरपूर होते, म्हणजे गाडी येते. आम्ल त्यात चढवणारा संपतच जन्मापासून अधू. म्हणून तिचं रक्त आंबट, आणि लघवी मात्र साळसूद, जसं काही या घरात केर होतच नाही. उल्काताईंना दुखण्याचा पत्ता लागला तो त्यावरूनच. एवढं आम्ल अंगात आणि लघवीत त्याचा मागमूस नाही, हे कसं?

त्या म्हणाल्या, लघवीचा उग्र वास असतो ना, तोही फुकटचा नसतो. आम्ल त्याच्या पाठीवर बसून बाहेर जातं. हे ऐकल्यापासून आमच्या जिन्याखालच्या मुतारीबद्दल माझं मत जरा सुधारलंय. जराच.

अजून एक काम किडनीला असतं. रक्तात सोडा असतो, आपला खायचा असतो त्यातलाच. तो आम्लाला ताळ्यावर ठेवतो. रक्त गाळताना तो सोडाही गाळून जातो. तांदूळ धुताना पाण्याबरोबर चार दाणे जातात आणि आपण ते वेचून परत घेतो, तशी किडनी तो वेचून परत घेते. हे काम पूर्वाच्या किडनीला जमतं, उगाच तिला नावं ठेवणार नाही. पण आम्ल बाहेर चढवलं की त्याच्या बदल्यात नवा सोडा रक्तात मिळतो, तो मात्र पोरीला मिळत नाही. म्हणून तो बाटलीतून द्यायचा. एवढंच औषध. एवढंच दुखणं. किडनीचा आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, म्हणून पूर्वा सगळ्यांना सांगत सुटते, "माझ्या पाठीत दोन घेवडे आहेत, एक नंबरचे आळशी."

मग पाय का वाकले? तुमच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आहे. तिच्यावर लिंबाचा एक थेंब टाका आणि वाकून बघा. बारीक फसफस होईल, आणि पुसलं तरी पांढरा डाग राहील. आमच्या जुन्या खोलीत लिंबाचं लोणचं घालताना मी तसे डाग पाडून ठेवले होते, आणि पूर्वाचे आजोबा वारेपर्यंत मला त्यावरून बोलत राहिले. फरशीत चुना असतो, हाडातही असतो. रक्तात आम्ल वाढलं की अंग हाडातला चुना काढून त्यावर टाकतं. हाड आपण झिजतं आणि रक्ताला सांभाळतं. पोरीचे पाय त्यात वाकले. मालिशीने नाही, कडेवर घेतल्याने नाही. आता बाटलीतून सोडा मिळतो, म्हणून हाडाला हात लावावा लागत नाही, आणि पोर वाढते. मी तर म्हणते, भेंडीसारखी!

फरशीचा प्रयोग पूर्वाला दाखवला असता, पण आमच्याकडे फरशी चकचकीत टाइलची, आणि घरात लिंबू नाही. संजयची आंबटाला बंदी. चिंच नाही, कैरी नाही, ताकसुद्धा नाही. तुम्हालाही त्याने सांगून ठेवलेलंच आहे. आमटीत आमसूल नाही म्हणजे काय चव लागते ते मी लिहीत नाही, पोस्टाची पत्रं सरकारी असतात.

आणि एक. थंडीची चौकशी संजयने केली नव्हती. तिथे मी पदरचं मीठ टाकलं होतं. तो तुमचं नाव काढत नाही. पण मी तुमच्या गुळाचा चहा केला तर दोनदा मागून घेतला, आणि गूळ कुठला ते विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे त्याला माहीत होतं.

उत्तर द्या. एक ओळ द्या. विसरणाऱ्यातल्या तुम्ही नाही, रतनबाई. मग बाटली का दिली नाही?

तुमची,
कौशल्या


हडपसर, पुणे
१५ मार्च २००९

रतनबाई,

जयभीम नंतर. आधी हे वाचा. उभ्या असाल तर बसा.

काल पूर्वाला तपासायला नेलं. मी, संजय आणि पोरगी. सोनाली कंपनीच्या कामाला जर्मनीला गेलीय, ते तुम्हाला माहीत असेलच, तुमच्याशी ती बोलते. उल्काताईंनी उंची मोजली, रक्ताचा कागद बघितला, खूश झाल्या. मग पोरीला विचारलं, "काय गं, तुला खायला काय आवडतं?"

"चिंच," पूर्वा म्हणाली. "पण मला बंदी आहे."

"कोणी घातली?"

पोरीने बापाकडे बोट केलं.

संजय सावरून बसला. तो बाहेरच्या माणसांशी बोलताना कसा बोलतो ते तुम्हाला ठाऊक आहे, समोर पडदा लावून चित्रं दाखवत असल्यासारखा. म्हणाला, "मॅडम, तिला ॲसिड साठतं, त्यामुळे मी घरात आंबट पूर्ण बंद केलंय. लिंबू, टोमॅटो, ताक, सगळं. नातेवाइकांनाही स्ट्रिक्टली सांगितलंय, जे जे आंबट लागेल ते द्यायचं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "असं मी सांगितलं होतं?"

"नाही, पण लॉजिकली..."

"तिचं औषध कधी चाखलंत?"

"नाही."

त्यांनी माझ्या पिशवीतून बाटली मागून घेतली, टोपणात दोन थेंब काढले आणि त्याच्या पुढे धरले. त्याने जिभेला लावले आणि त्याचं तोंड असं झालं, रतनबाई, लहानपणी कच्ची कैरी चोरून खाताना व्हायचं तसं. डोळे मिटलेले, एक खांदा वर.

आंबट! चांगली कचकचीत आंबट.

मी पण कधी चाखली नव्हती. दुसऱ्याचं औषध चाखू नये एवढीच माझी अक्कल. वास संत्र्याचा, पोरगी नाक दाबून गटकन पिते, मला वाटलं गोड असेल.

पूर्वा हसायला लागली. मी हसले नाही, कारण मला एकदम दिवाळीच्या आधीचा दिवस दिसला. मी पालक निवडत होते आणि शेजारी बसून संजय तुम्हाला फोनवर सांगत होता. हेच शब्द. "मामी, जे आंबट लागेल ते द्यायचं नाही. एक थेंबही नाही." आणि तुमची सवय मला माहीत आहे. पूर्वाच्या बारशाला तुम्ही घुटी आधी स्वतःच्या जिभेला लावलीत, मग पोरीला. लेकराला काही द्यायचं तर आधी आपण चाखायचं, तुमच्या घरात पाणीसुद्धा तसंच देतात. मी तेव्हा त्यावरून तुमची थट्टाही केली होती.

तुम्ही बाटली चाखली. ती आंबट लागली. आणि जावयाचा हुकूम होता की आंबट थेंबभरही द्यायचं नाही.

तुम्ही विसरला नव्हता हो. तुम्ही सांगितलेलंच केलं!

मी संजयकडे बघितलं. तो बाटलीच्या लेबलाकडे बघत होता, मोठ्या लक्षाने, जसं काही त्यावर त्याचं नाव छापलंय. त्यालाही ते कळलं होतं. आईला कळतं.

उल्काताईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या आपल्या समजावत राहिल्या. जिभेला आंबट लागतं ते अंगात जाऊन आंबट राहतं असं नाही. चिंचेचा ओला पाला चाखून बघा आणि जाळल्यावर त्याची राख बघा. राख खारी होते, म्हणूनच तर तिने भांडी घासायचो. तसं या औषधातलं आणि लिंबातलं आंबट अंग जाळतं, आणि मागे सोडा राहतो. म्हणजे आंबट बाटलीच आम्ल मारते. लिंबू, चिंच बेताने खायला हरकत नाही, त्या म्हणाल्या, मात्र ते औषधाच्या जागी नाही, औषध ते औषध. आणि बाटली अचानक बंद केली तर रक्तातलं पोटॅशियम म्हणून एक असतं, ते घसरतं, मग पायांतली ताकद जाते. तेच दिवाळीत झालं.

मी विचारलं, "म्हणजे ज्याने चाखून आंबट म्हणून बंद केलं, त्याचं काय चुकलं?"

त्या म्हणाल्या, "त्याला कोणी नीट सांगितलं नाही, एवढंच."

येताना संजय गाडी चालवत होता. मगरपट्ट्याच्या पुढे हातगाडीवर ओल्या चिंचा होत्या. त्याने गाडी बाजूला घेतली, मागच्या गाड्या बोंबलल्या, आणि उतरून चिंचा घेऊन आला. पोरीच्या मांडीवर ठेवल्या. पूर्वाने एक चोखली, डोळे मिटले, एक खांदा वर. बापावर गेलीय.

"बाबा, कराडच्या आजीला पण द्यायची?" तिने विचारलं.

संजय म्हणाला, "हं."

त्या "हं"मध्ये काय होतं ते मी आई म्हणून सांगू शकते, पण तुम्ही आधी मला एका गोष्टीचं उत्तर द्या. त्या दिवशी व्हरांड्यात हे तोंडाने का सांगितलं नाहीत? "तुम्हीच म्हणाला होता," एवढे तीन शब्द. जावयाला उलटं बोलायचं नाही म्हणून? अहो, आपण एवढं सगळं मोडलं, नाकातल्या नथा, गळ्यातले गंडे, देव्हारे, आणि जावयाचा मान तेवढा जपून ठेवला होय?

रागावले नाही. रागावले असते तर कार्डावर लिहिलं असतं, वाटेत सगळ्या पोस्टाने वाचावं म्हणून.

तुमची,
कौशल्या


हडपसर, पुणे
५ एप्रिल २००९

विहीणबाईंना जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. "होय. आंबट लागलं म्हणून थांबवलं. पावण्यांचा शब्द होता." अख्ख्या कार्डावर एवढंच, बाकी कोरं. मी कोऱ्या जागेचे पैसे दिले असते तर पोस्टाशी भांडले असते.

मी कार्ड फ्रिजवर लावलं, चुंबकाखाली. कोणाला दाखवलं नाही. फ्रिज सगळेच उघडतात.

शनिवारी संजय कराडला येतोय, तुम्हाला न्यायला. पूर्वा सोबत आहे. शेजारणीकडे लपू नका, ती फितूर आहे. आता नीट वाचा, तो कसा वागेल ते सांगते. तो चुकलो म्हणणार नाही. त्याच्या बापालाही ते यायचं नाही. बाप भांडण झालं की घासलेट आणून ठेवायचा, घरात असलं तरी. हा पंखा कुठे खडखडतोय का बघेल, नळ गळतोय का बघेल. नळ मुद्दाम दुरुस्त करून ठेवू नका, गळू द्या, त्याला काहीतरी हाताला हवं. पुरणपोळ्यांचा घाट घालू नका. पिठलं-भाकरी आणि आंबट कैरीचं काहीतरी करा. तो खाईल. त्याने मागून घेतलं तर समजा, तोच त्याचा माफीनामा.

तरीही नाही म्हणालात तर पूर्वा म्हणते ती तुमच्या दारात बसून राहणार. हट्टाला ती तुमच्यावर गेलीय, चांगले गुण सगळे माझे.

पांढरा फ्रॉक शिवून ठेवलाय, वाढीव मापाचा. विहारापासून चौकापर्यंत अंतर काही कमी नाही, आणि मिरवणूक मुंगीच्या चालीने चालते. ती दमली तर एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने तुम्ही. पण दमणार नाही, पैज लावा.

तुमची,
कौशल्या


मु. पो. निमगाव, ता. शिरूर
१० मे २००९

रतनबाई,

आपल्याच घरच्या पत्त्यावर पत्र टाकायला मजा वाटली. पाकिटावर "श्रीमती रतनबाई, हडपसर" लिहिलं, तर पोस्टातला म्हणतो, "आजी, पाहुण्यांच्या नावाने पत्र?" म्हटलं, महिना झाला राहायला आल्याला, आता पाहुण्या नाहीत, घरच्याच आहेत, तिकीट लाव.

मी मच्छिंद्राकडे सुखरूप पोचले. भावाच्या घरी आंबा चांगला लागलाय. वहिनीने मला पहिल्याच दिवशी चार खाऊ घातले आणि वर म्हणाली, म्हातारीला सोसणार नाही. सोसलं.

मिरवणुकीतलं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पोरगी चौकापर्यंत चालली, आणि तिथून परत यायला आपणच रिक्षा शोधत होतो! तुमचे पाय सुजले, माझी कंबर धरली, आणि ती ढोलापुढे अजून नाचतेच आहे. पैज मी जिंकले, लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं. मी निघताना "मच्छिंद्राचा निरोप आलाय, जावं लागतं" असं म्हणाले होते ना? मच्छिंद्राचा काही निरोप नव्हता. मीच ठरवून निघाले. मी घरात असले की तुम्ही औषधाच्या वेळेला बरोबर कपडे वाळत घालायला गच्चीवर जाता. वाळलेलेच कपडे. मला दिसत नाही का? बाटलीला हात लावायचा नाही, एवढ्यासाठी तुम्ही किती जिने चढला असाल! सोनाली तिकडे जर्मनीत, संजय दिवसभर खराडीला. आता मीही नाही. आता गच्चीवर जाऊन चालायचं नाही.

आणि हा माझा एकटीचा आगाऊपणा समजू नका. मी संजयला विचारलं होतं, मी गेले तर औषध कोण देईल? वाटलं, म्हणेल मी रजा घेतो, नाहीतर बाई ठेवू. तो बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "मामी आहेत ना. त्या देतील." आणि ज्या सकाळी मी निघाले, त्या सकाळी बाटली त्याने कपाटातून काढून तुमच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. मी एस.टी.ला निघताना बघितलं. तुम्हीही बघितलंत. दोघंही बोलला नाहीत. काय माणसं आहात तुम्ही!

तर हे पत्र पोचेल तोवर तुम्ही देत असालच. मन घट्ट करून का होईना, पण देत असाल. पोरगी टुणटुणीत असणार, मला इथून दिसतेय. मला फोन करून "दिलं, दिलं" सांगू नका. मी विचारणार नाही.

पाण्यात घालून, जेवणानंतर, टोपणाच्या रेघेपर्यंत. पूर्वा नाक दाबेल, दाबू द्या. वरून चिंचेचं एक बोटूक मागेल, तेही द्या.

आणि आधी चाखून बघा. तुमची सवय मोडू नका, ती चांगली सवय आहे. आंबट लागेल. आंबट लागली की समजा, बरोबर आहे, आणि द्या माझ्या नातीला. तुमच्याही.

इकडे आंबे संपले की मी येते.

कौशल्या